पाणी न बदलता फिश टँकमधली खडी कशी साफ करायची?

असा प्रश्न विचारला की लोक आधी लेक्चर देतात, पाणी तर बदलायलाच पाहिजे, आळस करू नका वगैरे. त्यांनी २०१६ चा लातूरचा उन्हाळा काढलेला नसतो.

मी काढलाय. मांजरा धरण कोरडं ठाक, मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, गावात दुसरा विषयच नव्हता. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, घरटी दोनशे लिटर. आणि घरात माझा दोन फुटी टँक, पन्नासेक लिटरचा, त्यात चार गोल्डफिश. ज्यांनी गोल्डफिश पाळलेत त्यांना माहितीये, दिसायला राजस आणि घाण करायला म्हशीसारखे. पंचवीस टक्के पाणी बदलायचं म्हणजे बारा लिटर पाणी मोरीत ओतायचं. आईने ते बघितलं असतं तर माशांच्या आधी मला घराबाहेर काढलं असतं. "माणसाला प्यायला न्हाई अन् हिच्या माशांचे लाड चाललेत," हे तसंही रोजच ऐकू यायचं.

मग मी जुगाड केला. अर्धा इंची पारदर्शक पाइप घेतला, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं बूड कापून तिचं तोंड पाइपला टेप लावून घट्ट बसवलं. कापलेली बाजू खडीत खुपसायची, खडे बाटलीत नाचतात पण जड म्हणून खाली पडतात, गाळ तेवढा वर ओढला जातो. पाइपचं दुसरं टोक बादलीत (साबणाची बादली नको हं), बादलीच्या तोंडावर आईच्या जुन्या सुती साडीची चारपदरी घडी आणि त्यावर फिल्टरचा पांढरा कापूस. बादली भरत आली की पाइप चिमटायचा, अर्धा तास तिला हात लावायचा नाही, मग वरचं निवळ पाणी मगाने हळूच परत टँकमध्ये. तळाला चहाच्या चोथ्यासारखं जे उरतं ते लिटरभर पाणी कढीपत्त्याला. एवढाच खर्च. त्या उन्हाळ्यात गल्लीत हिरवा कढीपत्ता फक्त आमच्याकडे होता, शेजारच्या काकू मागायला यायच्या.

तर असं सगळं नीट चाललेलं असताना मे महिन्यात दादा पुण्याहून आला. त्याला माझं साडी-बादली प्रकरण बघून हसू आवरेना. "हे काय चाळणीचे खेळ करतेस, एकदाच काय ते स्वच्छ कर ना." मी क्लासला गेले आणि साहेबांनी टँक रिकामा केला. पाणी मात्र फेकलं नाही, तेवढी अक्कल होती, ड्रममध्ये काढून ठेवलं आणि मासेही त्यातच. खडी सगळी बाहेर काढून शेजारच्या बोअरच्या पाण्याने धुतली, वर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चोळली, पुन्हा धुतली आणि गच्चीवर उन्हात वाळत घातली. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात पिळून पिळून पांढरा केला. संध्याकाळी मी आले तर टँक दुकानातल्यासारखा चकाचक, आई खूश, दादा त्याहून खूश.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकायला लागले, कल्ले लालभडक. पाचव्या दिवशी शेवटचा गेला.

दादाचं म्हणणं आजपर्यंत एकच, उन्हाने मेले. अरे बाबा, ऊन आठवडाभर आधीही तेवढंच होतं, मासे तेच, पाणी तर तूच ड्रममध्ये जपून ठेवलेलं तेच. बदललं काय? खडी आणि स्पंज! माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते खडीला आणि स्पंजला चिकटून असतात. टीसीएलमध्ये क्लोरीन असतो, ती चोळतातच जंतू मारायला. सगळे मारले, मग अमोनिया खाणार कोण?

म्हणून तुम्हाला सांगते, गाळ काढा, खडी "धुवू" नका. एका वेळी पाव भागच करा, पुढचा भाग पुढच्या आठवड्यात. स्पंज त्याच दिवशी धुवायचा नाही, आणि धुवाल तेव्हा टँकच्याच काढलेल्या पाण्यात नुसता दाबायचा. दुकानदार "सकर मासा टाका, तळ साफ ठेवतो" म्हणतो ते सोडून द्या, तो फार तर काचेवरचं शेवाळ खातो आणि स्वतः दुप्पट हगतो. पिशवीवाले बॅटरीचे क्लीनरही मिळतात, तत्त्व माझ्या साडीचंच.

आता एक कबूल करायला हवं. कापसातून गाळ अडतो, विरघळलेलं नायट्रेट अडत नाही, ते पाण्यात साचतच राहतं. त्यामुळे हे कायमचं चालत नाही, पाणी मिळायला लागलं की थोडं थोडं बदलायला घ्या. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते तेव्हा वरून बोअरचं पाणी ओतत राहिलात तर क्षारही वाढतात, त्यासाठी आरओचं किंवा पावसाचं बरं. आणि हो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो हे खरंय, म्हणजे दादाच्या उन्हाला दहा टक्के मार्क देते मी. दहाच.

मागच्या वर्षी त्याने पोराला टँक घेऊन दिला. आठवड्याभरात फोन, "अगं, पाणी दुधासारखं का झालंय?" मी एवढंच विचारलं, खडी काढून धुतलीस का. पलीकडे बराच वेळ नुसता एअर पंपाचा आवाज येत होता, मग म्हणाला, "तुझ्या वहिनीने धुतली."