स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ आज घेऊन ठेवली तर पुढे कलेक्टर कार म्हणून भाव येईल का?

चालवायला घेत असाल तर जरूर घ्या, फार चांगली गाडी आहे. पण कव्हर घालून ठेवायची आणि वीस वर्षांनी मोठ्या भावाने विकायची असा बेत असेल, तर माझं उत्तर 'नाही' असं आहे. तुम्ही लिहिलंय की २०२० ची, एकाच मालकाची, कमी चाललेली आरएस २४५ बघून आलात आणि मालक 'भारतात फक्त २०० आल्यात, पुढे हिचं सोनं होणार' म्हणत किंमत खाली आणायला तयार नाही. त्या २०० पासूनच सुरुवात करतो, कारण सगळा हिशेब तिथेच चुकतोय.

आकडा खरा आहे. पण तो कारखान्यात बनलेल्या गाड्यांचा नाही, आपल्या वाट्याला आलेल्या गाड्यांचा आहे. इथल्या वेगळ्या चाचण्यांशिवाय वर्षाला २५०० पर्यंत गाड्या आयात करायची मुभा सरकारने कंपन्यांना दिली होती, तिचा फायदा घेऊन स्कोडाने या २०० गाड्या आणल्या. एक्स-शोरूम किंमत होती ३५ लाख ९९ हजार. तिकडे चेक प्रजासत्ताकात म्लादा बोलेस्लावच्या कारखान्यात हीच गाडी रोजच्या उत्पादनातली होती. युरोपात ती मॅन्युअल गिअरबॉक्समध्येही मिळायची, इस्टेट बॉडीतही (मागे लांब छत आणि मोठी डिकी) मिळायची, आणि घरातली एकुलती एक गाडी म्हणून लोकांनी ती घेतली. त्यामुळे जर्मनीतला किंवा इंग्लंडमधला संग्राहक तुमच्या गाडीसाठी कधीच फोन करणार नाही. तुमचं गिऱ्हाईक भारतातच असणार आणि त्याच्या खिशावरच तुमचा भाव ठरणार.

संख्या कमी म्हणजे भाव जास्त, हे समीकरण तसंही कच्चं आहे. मर्सिडीजची ५०० ई घ्या. १९९० ते १९९५ या काळात ती जवळजवळ साडेदहा हजार बनली, म्हणजे आपल्या आरएसच्या पन्नासपट. तरी आज चांगल्या ५०० ई साठी लोक भरपूर पैसे मोजतात. का? तिचे फेंडर इतके रुंद केले होते की मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनवर ती बसेना, म्हणून जोडणीसाठी पोर्शाच्या त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यात जायची आणि परत यायची. आत मर्सिडीजच्याच एसएल या स्पोर्ट्स मालिकेतलं पाच लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. बाहेरून बघणाऱ्याला साधी ई-क्लास वाटते, पण घडवणूक वेगळी आहे आणि ती कुणाला दुसरीकडे मिळत नाही. आरएस २४५ मध्ये असं किती आहे? १९८४ सीसीचं टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन स्कोडाच्या फोक्सवॅगन समूहाच्या इतर बऱ्याच गाड्यांत आहे. वेगळेपण आहे ते २४५ पीएस, ३७० न्यूटन मीटर आणि पुढच्या चाकांमधल्या इलेक्ट्रॉनिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचं, म्हणजे एक चाक घसरू लागलं की ताकद दुसऱ्याकडे वळवणाऱ्या यंत्रणेचं. वळणातून बाहेर पडताना ते काय करतं हे चालवणाऱ्याला लगेच कळतं. संग्राहकाला भुरळ पडायला मात्र तेवढं पुरत नाही.

बीएमडब्ल्यूच्या एम५ चं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ई३९ पिढीची एम५ म्हणजे ४.९ लिटरचं व्ही८, ४०० पीएस, फक्त सहा गिअरचं मॅन्युअल. तिच्यानंतरच्या ई६० मध्ये व्ही१० आलं, ५०७ पीएस, कागदावर सगळ्याच बाबतीत वरचढ. पण सेकंडहँड बाजारात ही व्ही१० वाली वर्षानुवर्षं पडत्या भावात विकली गेली आणि ई३९ चा भाव चढत गेला. कारण ई६० मध्ये रॉड बेअरिंग, थ्रॉटल अ‍ॅक्चुएटर, एसएमजी या ऑटोमेटेड गिअरबॉक्सचा पंप, एकेक दुरुस्ती म्हणजे खिशाला मोठा खड्डा. जी गाडी वीस वर्षांनी सुस्थितीत ठेवायलाच परवडत नाही, तिचा भाव वाढायला वेळ लागतो, आणि तोवर बऱ्याच गाड्या भंगारात गेलेल्या असतात.

आपल्या आरएसचं दुखणं याच जातीचं आहे, फक्त ते इंजिनात नाही, इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. क्लस्टर (स्टिअरिंगमागचे मीटर), इन्फोटेनमेंट असली युनिट्स गाडीशी कोडिंगने बांधलेली असतात. भंगारातल्या दुसऱ्या ऑक्टाव्हियाचं युनिट काढून बसवलं तरी कंपनीच्या ऑनलाइन सिस्टिममधून मंजुरी मिळाल्याशिवाय ते नीट चालत नाही. २०४५ साली ही मंजुरी कोण देणार? पुण्यात माझ्या मित्राकडे पहिल्या पिढीची आरएस आहे. १.८ टर्बो, १५० पीएस, पाच गिअरचं मॅन्युअल. तिचे कूलंटचे प्लास्टिक फ्लँज कडक होऊन तडकतात, टर्बोचे रबरी होज फुटतात, पण गल्लीतला मेकॅनिक पाना घेऊन ते बदलतो आणि तेच पार्ट समूहाच्या इतर गाड्यांतही वापरलेले असल्यामुळे शोधले की सापडतात. जपून ठेवायलाच गाडी हवी असेल तर मी आरएस २४५ च्या आधी हिच्याकडे बघेन.

कायद्याची बाजू विक्रेते सहसा सांगत नाहीत. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज दर्जा मिळतो तो ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला. तुमची २०२० ची गाडी तिथे पोचेल २०७० मध्ये. त्याआधी २०३५ ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, मग दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, शिवाय महाराष्ट्रात ग्रीन टॅक्स. आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. मधली ही ३५ वर्षं तुमची गाडी कायद्याच्या नजरेत वारसा नसते, फक्त जुनी गाडी असते. उद्या नियम आणखी कडक झाले तर पहिला फटका याच वयाच्या गाड्यांना बसेल. तुमची गाडी प्रदूषणाच्या बीएस६ निकषांची आहे, एवढी एक जमेची बाजू.

आता पैशांचं. समजा तुम्ही ३० लाख दिले. हेच पैसे सात टक्क्यांनी कुठेतरी ठेवले तर वीस वर्षांत साधारण एक कोटी १६ लाख होतात. म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायलाही गाडी त्या किमतीला विकली जायला हवी, आणि यात विमा, टायर, बॅटरी, पार्किंग धरलेलंच नाही. विम्याची आणखी एक अडचण: आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, गाडीच्या वयाबरोबर घसरते, त्यामुळे बाजारात दुर्मीळ म्हणून किंमत असली तरी अपघातात ती पूर्ण हातात पडेल याची खात्री नाही. गाडी उभी ठेवणं म्हणजे काही खर्च थांबवणं नव्हे. टायर एकाच जागी दबतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, आता त्यात २० टक्के इथेनॉल असल्याने ओलावा धरतं, आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात. हे मुंबई-कोकणात ज्यांनी गाडी वर्षभर बंद ठेवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

भारतात परफॉर्मन्स सेडानला पुढे किती किंमत येते याचा दाखला हवा असेल तर २००० च्या आसपासची होंडा सिटी व्हीटेक बघा. १.५ लिटर, १०६ बीएचपी, त्या काळच्या कॉलेजच्या पोरांचं स्वप्न. आज स्वच्छ, न छेडलेली व्हीटेक शोधत लोक शहरोशहरी फिरतात, मिळाली की सोडत नाहीत. इतकं प्रेम असूनही तिची किंमत नव्या छोट्या हॅचबॅकपर्यंत सहसा पोचत नाही. पण मला त्यात एक आशेची गोष्ट दिसते. प्रेम करणारी पिढी आहे म्हणून तर व्हीटेक जिवंत आहेत. आरएसच्या बाबतीतही तशी पिढी तयार झाली आहे. २०१७ ला आरएस २३० आली तेव्हा तिची पहिली खेप बघता बघता संपली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी आरएस ४९ लाख ९९ हजारांना आली, तिच्या १०० गाड्या बुकिंगलाच गेल्या. म्हणून मला वाटतं की आरएस २४५ ची किंमत इतर लक्झरी सेडानसारखी कोसळणार नाही. ती हळूहळू उतरेल आणि एका पातळीला थांबेल. चालवणाऱ्या माणसासाठी हे फार चांगलं आहे: चार-पाच वर्षं मनसोक्त चालवा, ५९० लिटरच्या डिकीत सगळ्या घराचं सामान भरून गोव्याला जा, आणि विकताना इतरांपेक्षा कमी तोटा सोसा.

तेव्हा '२०० पैकी एक' यासाठी वेगळे पैसे देऊ नका. पैसे द्यायचेच तर ती स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे यासाठी द्या, कारण खरी दुर्मीळ गोष्ट तीच. आरएस घेणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच स्टेज वन रीमॅप करतो (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलतो), कुणी डाउनपाइपही (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) टाकतो, आणि विकायच्या आधी मूळ मॅप परत चढवतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाणकाराकडून स्कॅन करून घ्या, डाउनपाइपचे बोल्ट उघडल्याच्या खुणा बघा. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या आसपास कूलंटचा वाळलेला डाग दिसतोय का ते टॉर्च मारून पाहा, या इंजिनचं ते ओळखीचं दुखणं आहे. २२५/४० आर १८ टायरच्या आतल्या कडेला फुगा आला असेल तर गाडी खड्ड्यात जोरात आदळलेली आहे, मग रिमही फिरवून तपासा. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद, दोन्ही किल्ल्या आणि आरसीवरचं हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) उतरवल्याचा पुरावा हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.