गेममधल्या पात्राच्या कपड्यावर घड्यांचं शेडिंग आणि हायलाइट कसं द्यावं? डॉज-बर्न मारूनही कापड प्लास्टिकसारखं का दिसतं?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "सिनियर म्हणतात, बेस रंग भर, खोलगट जागी बर्न मार, उंचवट्यावर डॉज मार, झालं." ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. २०१३ साली हेच मला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं गेलं होतं आणि त्यापायी मी एक आख्खं कॅरेक्टर तीनदा रंगवलं.

आधी स्पष्ट सांगते. डॉज (रंग उजळवणारं) आणि बर्न (गडद करणारं) ही फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅममधली टूल्स, ती मारणं म्हणजे शेडिंग नव्हे. उजेड कुठून येतोय, कापड कुठे अडकलंय आणि सावलीत त्याचा रंग काय होतो हे ठरवलं की शेडिंग होतं. ती दोन टूल्स यातलं काहीच ठरवत नाहीत. आहे तोच रंग काळवंडवतात किंवा पांढुरका करतात.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत होते. खेड्यातल्या बाजारावरचा मोबाइल गेम होता, त्यात एक भाजीवाली. हिरवी नऊवारी, लाल काठ, इरकलीच्या धाटणीची. थ्रीडी मॉडेल जेमतेम दीड हजार ट्रँगल्सचं, म्हणजे त्रिकोणी तुकड्यांचं. टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर गुंडाळायचं चित्र, ५१२ बाय ५१२ पिक्सेल, आणि त्यातच चेहरा, केस, हात, चोळी, साडी सगळं बसवायचं. नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास देणारं चित्र) नाही, शेडर अनलिट, उजेडाचा हिशेबच न करणारा. म्हणजे गेममध्ये उजेड असा नव्हताच, जी काही घडी दिसायची ती डिफ्यूजमध्ये, म्हणजे रंगाच्या टेक्स्चरमध्ये, हातानंच रंगवायची. जागा वाचवायला पायांचे यूव्ही मिरर केलेले, म्हणजे टेक्स्चरचा एकच तुकडा दोन्ही पायांवर आरशातल्यासारखा उलटा बसवलेला.

मी लीडना विचारलं की उजेड कुठून धरू. ते म्हणाले, "एवढा विचार कशाला करतेस? बर्न मार, डॉज मार, संध्याकाळपर्यंत संपव." मी तसंच केलं. मॉनिटरवर झूम करून बघताना बरं वाटत होतं. फोनवर चढवलं आणि पोटात गोळा आला. हिरव्यात काळे ओघळ आले होते, उंचवट्यांवर खडू घासल्यासारखं दिसत होतं. क्लायंटनं विचारलं, "साडी ओली आहे का?" लीड सगळ्यांसमोर म्हणाले की हिला घड्या येत नाहीत, कॉन्ट्रास्ट कमी पडलाय, अजून बर्न मारायला हवं. दुसऱ्यांदा तसंही करून बघितलं. आणखी बिघडलं.

'हिला घड्या येत नाहीत' हे मला फार लागलं. नववीत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला वस्तुचित्राच्या मागे पडदा लावलेला असायचा. वर्गातली बाकीची मुलं तो सपाट निळा फासून मोकळी व्हायची आणि मी तांब्या अर्धवट सोडून पडद्यावरच बसायचे. पुढे आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला खुर्चीवर टाकलेल्या चादरीपुढे सहा-सहा तास काढलेत. कापड मला कळत होतं. पण टूलबारवर तयार बटण होतं, डोक्यावर डेडलाइन होती, आणि जे येत होतं ते मी वापरलंच नाही.

त्या शनिवारी वाईला आत्याकडे गेले. आत्या रोज नऊवारी नेसायची. सकाळी पडवीत उभी राहून ती गहू पाखडत होती, उजेड दारातून डावीकडून येत होता, आणि साडीही योगायोगानं हिरवीच होती.

"आत्या, जरा अशीच उभी राहा ना. पाचच मिनिटं."

"गॅसवर दूध आहे माझं. काय काढायचं ते पटकन काढ."

फोटो काढले, मग फोन ठेवला आणि वही घेतली. दुधाकडे शेवटी मीच दोनदा जाऊन आले. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं बारीक चुण्या तिरक्या वर चालल्या होत्या, आणि समोरच्या निऱ्या मात्र शांतपणे सरळ खाली. मी विचारलं, "या चुण्या इथंच का पडतात गं?"

"कासोटा तिथून ओढून मागं खोचलाय ना. ओढलं की कापड चुण्या धरणारच. निऱ्यांना कोण ओढतंय? त्या पडतात आपल्या सरळ."

माझा प्रश्न तिथंच सुटला. घडी रंगवण्याआधी ती कुठून निघाली ते शोधायचं. शरीररचना शिकवणाऱ्या जॉर्ज ब्रिजमननी घड्यांचे सात प्रकार सांगितलेत, वेळ असेल तर ते जरूर बघा. पण छोट्या टेक्स्चरवर मला तीनच पुरतात. ओढलेली घडी एका बिंदूतून निघते, तिथे अरुंद आणि कडक असते, लांब जाताना रुंद आणि मऊ होत विरते. खांदा, काख, कंबरपट्टा, जांघ हे तिचे बिंदू. लोंबती घडी वरून खाली पडते, वर गोळा झालेली आणि खाली उघडलेली, जशा निऱ्या. आणि साठलेली घडी, म्हणजे कापड जागा नसल्यानं एकावर एक बसतं, वाकलेल्या कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, पायजम्याच्या घोट्याशी. तिची नागमोड होते. कुठल्याही शर्टावर, झग्यावर, चिलखताखालच्या अंगरख्यावर हेच लागू पडतं.

आता तुमच्या प्लास्टिकचं. आत्याची एक निरी मी नाक लावून बघितली म्हणा ना. उंचवट्यावरून उजेड हळूहळू ओसरतो, तिथे कड मऊ असते. मग गडद होत जातो आणि पुढची निरी जिथे वर येते तिथे एकदम तुटतो, तिथे कड धारदार. एका घडीला एक मऊ आणि एक कडक बाजू. मी काय केलं होतं? मऊ ब्रशनं दोन्हीकडून सारखंच गडद. त्यानं घडीची नळी झाली, आणि अशा दहा नळ्या शेजारी ठेवल्या की साडीचा पन्हळी पत्रा दिसतो. शिवाय प्रत्येक उंचवट्यावर डॉजची बारीक पांढरी रेघ. सुती कापडाला अशी रेघ नसतेच, त्याचा उजेड पसरट आणि मंद असतो. बारीक लखलखीत रेघ ही चामड्याची, रेशमाची, प्लास्टिकची खूण. तुम्ही सुती कापडाला प्लास्टिकची खूण दिलीत म्हणून ते प्लास्टिक दिसतंय, दुसरं कारण शोधू नका.

रंगाचं तर मला अजूनही बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या हिरव्यात काळा कुठेच नव्हता. उजेडात हिरवा पिवळसर, सावलीत निळसर, उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात सगळ्यात गहिरा हिरवा. दोन निऱ्यांच्या फटीत तेवढा तपकिरीकडे झुकलेला गडद रंग, तोही नखाएवढ्या रुंदीचा. काठाशेजारच्या सावलीत लालीची झाक. मी रंगपेटी उघडून पाच ठिपके वहीत लावले आणि सोमवारी त्याच पाच रंगांनी काम केलं.

आणि काठ! काठाकडे कुणी लक्ष देत नाही. लाल पट्टी घडीवर चढते, वळते, फटीत नाहीशी होते आणि पलीकडे जरा वर किंवा खाली पुन्हा सुरू होते. ही तुटलेली रेघ शेडिंगपेक्षा जास्त सांगते. तुमच्या पात्राच्या कपड्याला काठ, पट्टा, नक्षी काहीही असेल तर ते घडीबरोबर मोडा. वर शेडिंग चढवून नक्षी सरळच ठेवली तर घडी खोटी पडते. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांच्या चित्रांतल्या नऊवारी नेसलेल्या बायका यासाठी बघा, नुसते काठ बघत बसा.

तिसऱ्या खेपेला मी चाळीसेक घड्या पुसून अकरा ठेवल्या. लांबून कॅमेरा असला की लहान मिपमॅप (टेक्स्चरची छोटी केलेली प्रत) लागतो आणि बारीक चुण्यांचा नुसता चिखल होतो. पडवीतला उजेड डावीकडून होता पण टेक्स्चरमध्ये तो वरूनच धरला, कारण मिरर केलेल्या पायांवर बाजूचा उजेड रंगवला तर दोन्ही मांड्या एकतर आतून उजळतात, नाहीतर दोन्ही बाहेरून. चोळी आणि पदर उजळ, पावलांकडे सगळं हळूहळू गडद, म्हणजे नजर चेहऱ्याकडे जाते. डोटा २ या गेमसाठी व्हॉल्व्ह कंपनीनं जी कॅरेक्टर आर्टची मार्गदर्शिका दिली आहे तिच्यातही वर उजळ, खाली गडद हेच आहे.

क्लायंटनं एका झटक्यात मंजूर केलं. लीड म्हणाले, "बघ, कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर सुटली ना!"

मी गप्प बसले. ते आज इथे लिहिते: कॉन्ट्रास्ट वाढवला नव्हता, कमी केला होता. तिसऱ्या फाइलमधला सर्वांत गडद रंग दुसऱ्या फाइलमधल्यापेक्षा बराच उजळ होता. तिन्ही फाइली तेव्हाच शेजारी शेजारी उघडून दाखवायला हव्या होत्या. आणि हे काही एकट्या माझं मत नाही. टीम फोर्ट्रेस २ या गेमच्या रेंडरिंगवर व्हॉल्व्हच्या लोकांनी २००७ मध्ये पेपर लिहिला, त्यात लायनडेकरसारख्या जाहिरात-चित्रकारांच्या कामातून घेतलेले नियम मांडलेत. सावली काळ्याकडे न नेता थंड रंगाकडे न्यायची, उजेड-सावलीच्या सीमेवर रंग अधिक गहिरा ठेवायचा, आणि कपड्यांच्या घड्या पात्राच्या बाह्याकृतीशी जुळतील अशा निवडायच्या. 'निवडायच्या' यावर माझा भर आहे. सिनियरना वाचायला द्या.

थोडं मागे घेते, नाहीतर अन्याय होईल. तुमचा गेम पीबीआर (गेम इंजिनच खऱ्यासारखा उजेड मोजतं अशी पद्धत) असेल तर वरचं निम्मं विसरा. तिथे बेस कलरमध्ये उजेड रंगवायचाच नाही, घड्या स्कल्प्ट करून किंवा मार्व्हलस डिझायनर या कपड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिवून नॉर्मल मॅपमध्ये उतरवायच्या, नाहीतर इंजिनचा उजेड एकीकडून आणि तुमचा रंगवलेला दुसरीकडून असं होतं. घडी कुठून निघते हे तिथेही लागतंच. डॉज-बर्नही मी पूर्ण टाकलेलं नाही. करड्या मास्कवर किंवा अगदी शेवटी एखादी फट बसवायला वापरते. आणि कोपर-गुडघ्यावर फार खोल घडी रंगवू नका. अॅनिमेशनमध्ये हात सरळ झाला की कापड ताणलं जातं, पण रंगवलेली चुणी तशीच राहते. तिथे अर्ध्या जोरानं रंगवा आणि रिग केलेलं, म्हणजे आत हाडं जोडलेलं, मॉडेल हलवून बघा.

रेशमाबद्दल, पैठणीबद्दल विचारलंत तर ते वेगळं लिहावं लागेल. तिथे हायलाइट धारदारच हवा आणि तो जरीच्या रंगाचा.

ब्रश कुठला, हे तुम्ही शेवटी विचारलंय. हार्ड राउंड, ओपॅसिटी पेनच्या दाबावर. घडीची कडक बाजू आधी मारा, मग त्याच ब्रशनं मधला रंग आयड्रॉपरनं उचलत उचलत दुसरी बाजू विरघळवा. एअरब्रश आठवडाभर लपवून ठेवा.