ट्यून केलेली टर्बो आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न : मी पुण्यात राहतो. माझ्या टर्बो-पेट्रोल गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इथेनॉलसाठी रिमॅप केलाय, म्हणजे त्यातला प्रोग्राम (मॅप) बदललाय. पेट्रोलमध्ये ई१०० (जवळजवळ शुद्ध इथेनॉल) मिसळून चालवतो. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर चालवण्याचा दिवस) करून परतताना कराडजवळ पुढचा टेम्पो इंडिकेटर न देता वळला आणि मी धडकलो. विमा कंपनीने क्लेम नाकारला : ‘न कळवलेला फेरफार, शर्यतीसाठी वापर.’ ट्यूनर म्हणतो, मूळ मॅप परत टाकून देतो, कुणाला कळणार नाही. टाकू का?

उत्तर : अजिबात नको. बऱ्याच ईसीयूंमध्ये किती वेळा प्रोग्रामिंग झालं याची नोंद राहते. अपघातानंतर मॅप बदलला असं निघालं, तर आज तुमच्या बाजूने असलेले मुद्देही संशयात जातील.

शर्यतीचा मुद्दा आधी घेऊ. पॉलिसीत संघटित शर्यत, पेसमेकिंग (शर्यतीत वेग ठरवायला पुढे गाडी चालवणं), स्पीड टेस्टिंग हे वापर वगळलेले असतात. गाडी करीच्या वळणावर आपटली असती तर मी तुम्हाला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण अपघात झाला महामार्गावर, घरी येताना. वगळलेला वापर चालू होता हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि त्यासाठी ट्रॅकवरचा हेल्मेटमधला फोटो पुरत नाही. फास्टॅगच्या नोंदी आणि पंचनामा जपून ठेवा.

फेरफाराचं दुखणं खरं आहे. ट्यूनरचं बिल आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख शेजारीशेजारी ठेवून बघा. ट्यून आधी, नूतनीकरण नंतर, आणि ‘गाडीत बदल आहेत का’ याला ‘नाही’ असं उत्तर दिलं असेल, तर बाजू लंगडी. तारखा उलट असतील तर भांडायला जागा आहे. वाढलेल्या ताकदीमुळे टेम्पो वळला नाही, हे आपलं म्हणणं. कंपनी वेगाकडे बोट दाखवेल, म्हणून वेग किती होता ते वकिलाला आधीच खरं सांगा. अटभंग असूनही क्लेमच्या ७५ टक्क्यांपर्यंत ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने (पूर्ण नाकारण्याऐवजी रक्कम कापून) देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) मान्य केला आहे. तिथे मुद्दा गाडीच्या वापराचा होता, त्यामुळे आपल्याला तो आपसूक मिळणार नाही, पण मागायचा.

आरटीओचं वेगळं. आरसीवर इंधन ‘पेट्रोल’ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. इंधन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट लागतं. पंपावरचं पेट्रोलही आता २० टक्के इथेनॉलचं असतं, तेव्हा मिश्रण वाढवणं म्हणजे इंधन बदलणं का, असा वाद घालता येईल. तो तुमच्या गाडीवर घालायची हौस मला नाही : कलम १८२-अ(४) मध्ये दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

इंजिनची वॉरंटी विसरा.

आता कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी पत्र द्या. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही (मी वकील, म्हणजे माझं नुकसान). मुदत एक वर्ष. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं, मात्र तिथे प्रकरण दाखल असेल तर लोकपाल ते घेत नाही. सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) अहवालाची प्रत आजच मागा, आणि गाडी वर्कशॉपमध्ये आहे तशी राहू द्या.