विहिरीच्या तळाला निरोप कसा पोचवायचा?

प्रश्न: मुलगा सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तेलविहिरीत खोलवर असलेली, वरून हुकूम देऊन चालवायची अवजारं बनवायचं त्याने मनात घेतलंय. त्याला पेट्रोलियमला घातलं नाही, हे चुकलं का? आता कर्ज काढून एम.टेक.ला पाठवू का? – एक आई

उत्तर: ताई, काही चुकलेलं नाही. या कामाला त्याचीच शाखा लागते.

खोदताना अवजार तीन-चार किलोमीटर खाली असतं. मध्ये खडक आणि पोलाद, त्यामुळे रेडिओलहरी पोचत नाहीत. साधारण नऊ-नऊ मीटरचे पाइप एकाला एक आवळत न्यायचे, त्यातून वायर ओढणंही अवघड. म्हणून जुनी रीत अशी, की वरून गोळा सोडायचा. तो अवजारातल्या बैठकीवर बसला की पंपाचा दाब वाढतो आणि आतली झडप सरकते. हे आजही चालतं. पण गोळा पोचेपर्यंत खोळंबा होतो, ठरावीक गोळे सोडून झाले की अवजाराची उघडझाप थांबते, आणि वाटेत मोजमापाचं यंत्र असेल तर गोळा तिथेच अडतो.

आता पंपाचा प्रवाह किंवा पाइपाच्या फेऱ्या ठरावीक लयीत कमी-जास्त करून हुकूम देतात. किंवा छोटा आरएफआयडी टॅग, म्हणजे जवळून रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप, मडमधून, म्हणजे पाइपातून फिरणाऱ्या चिखलासारख्या द्रवातून, खाली सोडतात. अवजारातला अँटेना तो वाचतो, झडप उघडते. दुसरा टॅग सोडला की मिटते. खालची माहिती वर येते ती मडमधल्या दाबाच्या ठोक्यांनी, बहुतेकदा सेकंदाला मोजके बिट. वायर बसवलेल्या खास पाइपांतून ५७,६०० बिट येतात, पण ते महाग पडतात. शिवाय सर्किट दीडशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत आणि सततच्या हादऱ्यांत टिकायला हवं. सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे गोंगाटातून निरोप वेगळा काढणं, आणि एम्बेडेड, म्हणजे यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकांचं काम, शिकलेल्या मुलाचंच हे काम.

कर्ज मात्र आत्ता काढू नका. हॅलिबर्टन आणि एसएलबी (पूर्वीची श्लंबर्जे) या तेलविहिरींची कामं करणाऱ्या कंपन्यांची तंत्रज्ञान केंद्रं पुण्यात आहेत. तिथे इंटर्नशिपसाठी आतापासून अर्ज करू दे. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीतही इलेक्ट्रॉनिक्सची पदं निघतात. निवड कधी गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेतल्या गुणांवर, कधी वेगळ्या परीक्षेने होते, तेव्हा जाहिरात नीट वाचा. या धंद्यात तेलाचा भाव पडला की नोकऱ्या जातात, २०१५ आणि २०२० मध्ये जगभर गेल्या. म्हणून एम्बेडेड पक्कं असू दे, ते वाहन उद्योगातही चालतं. फील्डवर गेला तर पंधरा-पंधरा दिवस समुद्रात राहावं लागेल, हे त्याच्याशी आत्ताच बोला.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी सुचवते. दहा मीटरचा पाइप, पाण्याचा पंप, एका टोकाला झडप, दुसऱ्या टोकाला दाबाचा सेन्सर. झडप उघडझाप करून एक शब्द पाठवायचा आणि पंपाच्या खडखडाटातून तो ओळखून दाखवायचा. हे जमलं की मुलाखतीला जाताना तो पाइपाचा व्हिडिओ सोबत न्यायला सांगा.