रेझिलियंट मेंबर म्हणजे फक्त स्प्रिंग स्टील नव्हे

तुमच्या पेटंट अर्जातला पहिला क्लेम (संरक्षण कशावर हवंय ते सांगणारं वाक्य) 'नट बॉडी आणि तिला जोडलेला, बोल्टचे आटे धरून ठेवणारा रेझिलियंट मेंबर (दाबल्यावर परत उसळणारा भाग)' एवढाच आहे. एफईआरमध्ये, म्हणजे पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात, एक्झामिनरने नायलॉन रिंगच्या लॉकनटचं (आपोआप सैल न होणाऱ्या नटाचं) जुनं पेटंट डी१, म्हणजे तुमच्याविरुद्धचा पहिला दस्तऐवज, म्हणून लावलंय. तुम्ही विचारताय, आमची रिंग स्प्रिंग स्टीलची आणि तिरकी चीर पाडलेली, मग नावीन्य नाही असं कसं?

स्पष्ट सांगतो, एक्झामिनरचं बरोबर आहे. तो तुमच्या हातातला नट बघत नाही, क्लेम वाचतो. नायलॉनच्या रिंगचं भोक बोल्टच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा लहान असतं. आटे तिच्यात रुततात, दाबलेलं नायलॉन परत उसळू पाहतं आणि त्यातून पकड येते. 'रेझिलियंट' म्हणायला आणखी काय हवं? 'जोडलेला' या शब्दाचाही आधार नाही, कारण डी१मध्ये रिंग नटाची कड वाकवून बसवलेलीच आहे. स्प्रिंग स्टील तुमच्या वर्णनात आहे खरं, पण 'एका स्वरूपात' म्हणून, म्हणजे बाकीची स्वरूपं तुम्हीच मोकळी ठेवलीत. वर्णनावरून शब्दाचा अर्थ लावता येतो, क्लेममध्ये नसलेली अट तिथून उचलता येत नाही. 'रेझिलियंट मेंबर म्हणजे धातूचीच रिंग' अशी व्याख्या दिली असतीत तर गोष्ट वेगळी होती.

इथे कुणीतरी कॅटनिकचा दाखला देईलच. ब्रिटनमधल्या त्या खटल्यात स्टीलच्या लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या तुळईच्या) एका बाजूबद्दल क्लेममध्ये 'उभी' असा शब्द होता. प्रतिवादीच्या लिंटेलची ती बाजू ६ ते ८ अंश कललेली होती, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने उल्लंघन धरलं. पण तो शब्द पेटंटधारकाच्या बाजूने सैल झाला. तुम्हाला उलट हवंय, रुंद शब्द अरुंद करून. आणि आज एफईआरच्या उत्तरात 'रेझिलियंट म्हणजे स्टीलच' लिहिलंत, तर उद्या नायलॉनने नक्कल करणाऱ्याविरुद्ध तेच पत्र तुमच्यासमोर धरलं जाईल.

म्हणून शब्दावर वाद घालू नका, क्लेम दुरुस्त करा. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेतच राहायला हवा. तुम्ही आवळताच आहात, तेव्हा अडचण नाही. पण नुसतं 'स्प्रिंग स्टील' घालून थांबू नका. डी१समोर नावीन्याचा प्रश्न सुटेल, मग एक्झामिनर इन्व्हेंटिव्ह स्टेपवर येईल, म्हणजे हा बदल जाणकाराला सहज सुचण्यासारखा होता का यावर. संपूर्ण धातूचे लॉकनट जुनेच आहेत, आयएसओ ७०४२ त्यांचंच मानक. नायलॉन साधारण १२० अंश सेल्सियसच्या वर टिकत नाही म्हणून धातू घेतला, हे कुणीही फिटर सांगेल. लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचं पेटंट सुप्रीम कोर्टाने १९७८ साली (बिश्वनाथ प्रसाद राधे श्याम खटला) टिकू दिलं नाही, ते केवळ कारखान्यातली सुधारणा म्हणून.

तुमचा खरा माल चिरेत आहे. आवळताना कडा आट्यांवरून सरकतात आणि उलट फिरवल्यावर रुततात, म्हणून आवळायला टॉर्क कमी आणि सुटायला जास्त, असं तुम्ही लिहिलंय. ते 'तिरकी चीर' एवढ्यावर सोडू नका. चीर आट्याच्या कोणत्या दिशेला कलते, किती अंशांपासून किती अंशांपर्यंत, आणि कडा कुठे टेकते, हे क्लेममध्ये घ्या. टॉर्कचे आकडे क्लेममध्ये नकोत, ते उत्तरात तुलनात्मक चाचणी म्हणून द्या, नायलॉनच्या आणि साध्या धातूच्या नटाशेजारी ठेवून.

एक तपासून घ्या: कोनाची कक्षा मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या वर्णनात) आकड्यांत आहे की नुसती आकृतीत दिसते? आकृतीतून मोजलेला कोन मान्य होईल यावर विसंबू नका. नुसती आकृतीतच असेल तर वर्णनात शब्दांत जेवढं आहे तेवढंच घ्या. उत्तराची मुदत एफईआरच्या तारखेपासून ६ महिने आहे, त्यामुळे चाचण्या आत्ताच लावा.