लायब्ररीत आलं तरी लॅपटॉप डिपार्टमेंटचं वायफाय सोडत नाही!

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांताक्रूझला एम.एससी. करते, रोज कांदिवलीहून येते. आमच्याकडे डिपार्टमेंटचं वायफाय वेगळं, लायब्ररीचं वेगळं आणि एड्युरोम नावाचंही एक दिसतं. सकाळी डिपार्टमेंटमध्ये जोडलेला लॅपटॉप लायब्ररीत नेला तरी लांबच्या त्याच वायफायला चिकटून बसतो, पेपर डाउनलोड होत नाही आणि मधेच माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जाऊन दिवसाचा डेटा संपवतो. रोज हातानेच बदलायचं का? (विंडोज ११ आहे.)

उत्तर : नाही गं, एकदा नीट लावून घेतलंस की रोजची कटकट जाईल. आधी एक समजून घे, कुठल्या वायफायवर राहायचं आणि कधी सोडायचं हे मुख्यतः लॅपटॉप ठरवतो, आणि तो जोडलेलं आहे ते पूर्ण तुटेपर्यंत सहसा दुसऱ्या नावाकडे बघतच नाही. डिपार्टमेंट आणि लायब्ररी ही त्याच्यासाठी दोन वेगळी नावं, म्हणजे दोन वेगळी नेटवर्क. पण एकच नाव दोन्हीकडे असेल तर तो चालता चालता एका राउटरवरून दुसऱ्यावर आपोआप जातो, म्हणून माझं स्पष्ट मत, दोन्ही ठिकाणी एड्युरोम (कॉलेज-विद्यापीठांमध्ये एकाच नावाने चालणारं सामायिक वायफाय) येत असेल तर तेच एक ठेव आणि बाकीच्यांचं आपोआप जोडणं बंद कर. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथे एकेका नावावर जाऊन ऑटोमॅटिकली कनेक्टची टिक काढ, जे आता लागतच नाही ते फर्गेट कर. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर हे पान उघडलं तर कॅफे, हॉटेलं, मित्रांची घरं, स्टेशनं असली चाळीसेक नावं निघाली, सगळी टिक लावलेली! आपल्याकडे मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ पासून स्टेशनवरचं फुकट वायफाय आहे, तेव्हापासून लोक जोडत गेले आणि नावं साठत गेली. बिनपासवर्डच्या जुन्या नावांचा धोका असा की तेच नाव देऊन कोणीही राउटर लावू शकतो आणि लॅपटॉप न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो, तेव्हा ही नावं आजच काढ.

हॉटस्पॉटचीही टिक काढ आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन (म्हणजे इथे डेटा मोजूनमापून वापरायचा) चालू कर, मग चुकून जोडला गेला तरी विंडोजचे बहुतेक अपडेट त्यावरून उतरणार नाहीत.

एवढं करूनही एड्युरोमवर लांबच्या राउटरला धरून बसला तर वायफाय बंद करून परत चालू कर, तो नव्याने शोधतो आणि जवळचं पकडतो. रोजच होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस असतं (म्हणजे चांगल्या सिग्नलसाठी लॅपटॉप किती लवकर राउटर बदलतो ते; इंटेलच्या कार्डांना असतंच, बाकीच्यांना बघावं लागेल), ते मध्यमवरून एक पायरी वर ने, एकदम टोकाला नको, नाहीतर एका जागी बसूनही उड्या मारत राहील.

आणि दांड्या पूर्ण पण स्पीड नाही, असं परीक्षेच्या आधी रीडिंग हॉलमध्ये होणारच, कारण दांड्या फक्त सिग्नल किती जोरात येतो ते सांगतात, गर्दी किती आहे ते नाही. वायफाय मुख्यतः दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर, चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यात शंभर फोन आणि ब्लूटूथही. ५ गिगाहर्ट्‌झ मोकळं आणि फास्ट असतं पण जाड दगडी भिंतीपलीकडे फारसं पोचत नाही, त्यामुळे राउटर नजरेसमोर असेल असं टेबल पकड आणि त्याच अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रिफर्ड बँड असेल तर ५ निवड.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एड्युरोमचा पासवर्ड म्हणजे बहुतेक ठिकाणी तुझ्या कॉलेजच्या मेलचाच पासवर्ड. भारतात हे अर्नेट ही शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणारी सरकारी संस्था चालवते, दुसऱ्या संस्थेत गेलीस तरी तुझी ओळख तुझ्याच संस्थेचा सर्व्हर तपासतो, म्हणून युजरनेममध्ये अ‍ॅट आणि पुढे संस्थेचं नाव पूर्ण लागतं. पासवर्ड बंद पाकिटात तिथपर्यंत जातो, पण पाकीट योग्य माणसाच्या हातात देतोय ना हे सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, बघूनच कळतं. पहिल्यांदा जोडताना लॅपटॉप सर्टिफिकेट दाखवून विचारतो, तेव्हा घाईत कनेक्ट दाबू नकोस, आयटी विभागाने दिलेलं सर्व्हरचं नाव जुळतंय का बघ. फोनवर तर "सर्टिफिकेट तपासू नका" हा पर्याय मित्रमंडळी सर्रास सांगतात, तो प्लीज घेऊ नकोस. एड्युरोमवर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान कधीच येत नाही, आलं तर लगेच डिस्कनेक्ट.

प्रश्न : आमच्या हॉस्टेलच्या वायफायला लॉगिनचं पान येतं, पण माझ्याकडे ते उघडतच नाही, नुसतं 'नो इंटरनेट' दिसतं. (विद्यार्थी, चर्चगेट)

उत्तर : व्हीपीएन चालू असेल तर आधी तो बंद कर, आणि ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये स्वतःचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) टाकला असशील तर तोही काढ, बहुतेक वेळा अडतं ते इथेच. मग ब्राउझरमध्ये एस नसलेल्या साध्या एचटीटीपीने सुरू होणारा पत्ता टाक, कारण सुरक्षित साइटच्या मधे हॉस्टेलच्या राउटरला आपलं पान घुसवता येत नाही, साध्या साइटवर येतं. लॉगिन झालं की व्हीपीएन परत लाव.