बाबा गप्प झालेत म्हणालात ना, मग हे आधी करा

ताई, "वय झालं की असंच होतं" हे आधी डोक्यातनं काढा. आई गेल्यावर आमच्या बाबांनी पेपर सोडला, दाढी नाही, जेवण दोन घास, आणि आम्ही सहा महिने म्हणत बसलो की दुःख आहे, निघतील बाहेर. नाही निघाले. म्हाताऱ्या माणसांचं डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यापेक्षा "पोट साफ नाही, अंग दुखतंय, झोप नाही" यातनंच दिसतं, मग आपण गॅसच्या गोळ्या देत राहतो.

डॉक्टरांना विचारून बी-१२, थायरॉईड, सोडियम तपासून घ्या, आणि कान पण! ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलायचाच थांबतो. मात्र एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनात, तर इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं, सरळ हॉस्पिटल गाठा.

सायकियाट्रिस्टच्या गोळीचा फरक दिसायला काही आठवडे जातात, आठव्या दिवशी बंद करू नका. शेजारच्या काकांची झोपेची गोळी तर अजिबात नको, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो.

"कशाला जगतोय मी" असं म्हणाले तर "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलू नका, मनात नेमकं काय येतं ते सरळ विचारा, आणि एकटं सोडू नका. टेली-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६ ला चोवीस तास फुकट फोन लागतो, मराठीतही बोलतात. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन ही हेल्पलाइन १४५६७ पण आहे.

आणि हो, "आराम करा" म्हणत हातातलं काम काढून घेऊ नका. आमच्याकडे मेथी निवडायचं काम बाबांचंच, काड्या राहतात, राहू देत.